पालथा ओटा

आमच्या गावातले निम्मे फुटपाथ आर्विडने ओतलेत.
बँकेच्या पायऱ्या, हॉकीच्या रिंगणाची भिंत,
लुथरन चर्चचा तो उतार, जिथे दर जानेवारीत
कोणी ना कोणी घसरतं आणि त्याला शिव्या घालतं.
चाळीस वर्षं लष्कराच्या भाकऱ्या.
माझ्या स्वयंपाकघरात मात्र
फुगलेलं, कडा सुटलेलं फॉर्मायका,
त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आणखी एक.

सून म्हणाली, क्वार्ट्झ मागवू, दोन दिवसांत बसवून देतात.
आर्विड काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजबाहेर उभी दिसली,
ऑक्टोबरात, सुपीरियरवरून वारा सुटलेला असताना.
तेव्हाच मी समजले.

फरमा मी बांधला. स्क्रू मी पिळले.
त्याला आता स्क्रूचं डोकं सापडत नाही,
हात थांबत नाहीत, दोन वर्षं झाली.
फळीवर तेवढं माप त्याने हट्टाने स्वतः लिहिलं,
मग खुर्चीत बसून मुकादमी:
कोपऱ्यातलं सिलिकॉन बोटाने ओढ, चमच्याने नको.
सिंकचा थर्माकोल घट्ट बसव, नाहीतर पोहायला लागेल.
पाणी कमी. अजून कमी. विल्मा, हे सूप नव्हे.
मूठ उघडली तरी
मुठीसारखंच राहिलं पाहिजे.

आणि एक गोष्ट, जी इतक्या वर्षांच्या संसारात
मला ठाऊक नव्हती:
ओटा पालथा ओततात.
जे तळाला जातं तेच वर येतं.
दिसायची बाजू पांढऱ्या फळीला तोंड लावून पडलेली,
आणि आपण दिवसभर थापी फिरवतो
तिच्या पाठीवरून.

बुडबुडे निघायला फरम्याला थरथर लागते.
सँडरची वायर उंदरांनी खाल्लेली.
आर्विड उठला, दोन्ही हात कडेवर ठेवले, म्हणाला,
घे, विजेशिवाय चालणारं.
मी हसले नाही.
मग एक बुडबुडा आला. आणखी एक,
मोहरीएवढा, करड्या पाण्यावर फुटून गेला.
खरं सांगायचं तर खालून मी हातोडीनेही ठोकत होते.
कुठला बुडबुडा कोणाचा, देव जाणे.

सात दिवस ओली ब्लँकेटं, वर प्लास्टिक, कोपऱ्यात हीटर.
पहिल्या रात्री दोनला उठून तो हात लावून आला.
तापलंय, म्हणाला,
आणि इतका खूश
की मला आमचा थोरला आठवला, गोवराचा,
आणि तेव्हा किती घाबरला होता तो.

उलटायला शेजारचा वेर्नर साल्मी, त्याची जुळी मुलं,
पोस्टातली डॅग्नी, पाठ दुखते म्हणत.
अडीचशे पौंड. कोणीतरी फिनिशमध्ये देवाचं नाव घेतलं,
बहुधा शिवीसारखं.
फळी सुटली
आणि मधोमध, फिकट, पेन्सिलीचा आकडा,
रेघा थरथरलेल्या. पुसायचा राहिलेला.
लिहिलं होतं एक्क्याऐंशी. आता वाचलं जात होतं अठरा,
आठ तसाच, एक तसाच,
दोघांनी फक्त जागा बदललेल्या.
अठरा इंच, आर्विड म्हणाला. एक कप मावेल.

वेर्नर म्हणाला, दोन मिनिटांत घासून काढतो.
मी पॉलिशपेपर त्याच्या हातातून घेतला
आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला. अजून तिथेच आहे.

सिंकच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर आहे.
बिटाच्या व्हिनेगरने एक जागा चाटून खरबरीत केली,
तिथे सीलर मी पातळ लावला होता, कबूल.
सुनेने हात फिरवला, म्हणाली, गार आहे.
तिच्या तोंडून एवढंच पुष्कळ.

शनिवारी नीसूचं पीठ मळते.
गार दगडावर ते चिकटत नाही.
आर्विड समोर उभा राहून वेलची सोलतो.
निम्मे दाणे उडतात,
काही त्या अठराच्या पोटात जाऊन थांबतात.
मी बोट ओलं करते
आणि टिपून घेते.